नवीन लेखन शिक्षकाच्या तासावर फीडबॅक कसा द्यायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॉलेजमध्ये लेखन शिकवायला नव्याने आलेल्या सरांचा किंवा मॅडमचा तास बघायचा आणि नंतर त्यांच्याशी बोलायचं, हे काम ज्यांच्या वाट्याला येतं त्यांच्यासाठी हे पान आहे, मग तुम्ही विभागप्रमुख असा, मेंटॉर असा, नाहीतर शेजारच्या टेबलावरचे सहकारी असा. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते म्हणजे पुढची उत्तरं वाचायला सोपी जातील: तासाला जाऊन बसल्यावर शिक्षकाकडे कमी आणि मुलांच्या वह्यांकडे जास्त बघा, आणि बाहेर आल्यावर जे दिसलं ते आधी सांगा, तुम्हाला काय वाटलं ते नंतर.

तास बघायच्या आधी वेगळं भेटायची खरंच गरज आहे का? वेळ कुठे असतो?

गरज आहे, आणि पंधरावीस मिनिटं पुरतात. ही कल्पना काही नवीन नाही, हार्वर्डमध्ये मॉरिस कोगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकाच्या शेवटी शिक्षक घडवताना ही पद्धत बसवायला सुरुवात केली, आणि त्यांच्यातल्याच रॉबर्ट गोल्डहॅमर यांनी १९६९ मध्ये तिचे पाच टप्पे मांडले: आधीची भेट, तास बघणं, नोट्सवर विचार, नंतरची भेट आणि शेवटी बघणाऱ्यानेच आपण हे काम कसं केलं ते तपासणं. बहुतेक ठिकाणी पहिला आणि शेवटचा टप्पा गाळतात आणि मग फीडबॅक म्हणजे नुसता शेरा होऊन बसतो.

आधीच्या भेटीत तीन गोष्टी विचारा. या तासाच्या शेवटी मुलांना काय करता यायला हवं? मागच्या तासाला काय झालं होतं? आणि तुम्हाला स्वतःला कशाबद्दल शंका आहे, मी नेमकं कुठे लक्ष देऊ? तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. समजा मॅडम म्हणाल्या की "ग्रुपमध्ये बसवलं की मुलं विषयावर बोलतच नाहीत असं मला वाटतं", तर तुम्हाला काम मिळालं, तुम्ही जाऊन ग्रुपच्या शेजारी बसायचं आणि ऐकायचं. नाहीतर तुम्ही फळ्यावरचं अक्षर बघत बसाल आणि त्यांची शंका तशीच राहील.

हा फीडबॅक नोकरीच्या फाइलमध्ये जाणार असेल तर ते आधी सांगायचं का?

सांगायलाच हवं, पहिल्याच भेटीत, स्पष्ट शब्दांत. शिकण्यासाठीचा फीडबॅक आणि पद टिकवायचं की नाही ठरवणारा रिपोर्ट ही दोन वेगळी कामं आहेत, आणि जमलं तर ती दोन वेगळ्या माणसांनी करावी. एकाच माणसाकडे दोन्ही असतील तर निदान वेगळे तास बघा. ज्या तासावर नोकरी अवलंबून आहे त्या तासाला कुठलाही शहाणा शिक्षक नवीन प्रयोग करणार नाही, तो हातखंडा असलेला धडा काढणार, मग तुम्हाला त्याच्या अडचणी दिसणार कुठून?

वर्गात कुठे बसायचं? मुलांना ओळख करून द्यायची का?

बाजूला बसा, जिथून मुलांचे चेहरे आणि हात दोन्ही दिसतील. शेवटच्या बाकावरून फक्त पाठी आणि शिक्षक दिसतात. ओळख शिक्षकाने एका वाक्यात करून द्यावी, "हे आज आपला तास बघायला आलेत", बास. मध्ये बोलू नका, मुलांनी तुम्हाला काही विचारलं तरी शिक्षकाकडे पाठवा, आणि शिक्षक चुकीचं काही बोलले तरी वर्गात दुरुस्त करू नका. आणि पूर्ण तास बसा, अर्ध्यातून उठून जाणं फार वाईट दिसतं, शिक्षक दिवसभर त्याचाच अर्थ लावत बसतात.

नोट्स नेमक्या कशा घ्यायच्या?

वही उभी दुभागा, डावीकडे घड्याळाची वेळ आणि जे दिसलं, ऐकलं ते, उजवीकडे तुमच्या मनात आलेले प्रश्न. डावीकडे एकही विशेषण येता कामा नये. "उत्साही", "कंटाळवाणं", "गोंधळलेले" असले शब्द हाताशी आले की थांबायचं आणि स्वतःला विचारायचं की मी नेमकं काय बघितलं म्हणून हा शब्द सुचला, आणि ते लिहायचं.

म्हणजे असं:

१०:१४ – फळ्यावर विषय. "पाच मिनिटं न थांबता लिहा, चुकांची काळजी करू नका."
१०:१५ – जवळजवळ सगळे लिहितायत. खिडकीजवळची दोघं एकमेकांच्या वहीत बघतायत.
१०:१६ – मॅडम: "आणि हो, उदाहरण द्यायला विसरू नका." पुढच्या दोन रांगांनी पेन थांबवून वर बघितलं.
१०:१७ – मॅडम: "परिच्छेद पाडलेत तर बरं." एक मुलगी लिहिलेलं खोडतेय.
१०:१८ – मॅडम हजेरीचा कागद फिरवतात.
१०:१९ – "झालं? कोण वाचून दाखवेल?" कुणीच नाही. मॅडम स्वतःच एक नमुना वाचतात.

या सहा ओळींमध्ये बोलण्यासारखं किती आहे बघा. पाच मिनिटं न थांबता लिहायला सांगितलं आणि शिक्षकानेच तीनदा थांबवलं, चुकांची काळजी करू नका म्हटलं आणि लगेच परिच्छेदांची आठवण करून दिली, मग ती मुलगी खोडणार नाही तर काय करणार. पण हे तुम्ही "तुम्ही मुलांना डिस्टर्ब करता" असं सांगितलंत तर समोरच्याला ते मान्य करायचं की नाही एवढाच प्रश्न उरतो. त्या ओळी जशाच्या तशा वाचून दाखवल्या तर मॅडम स्वतःच म्हणतील, "अरे, मी बोलतच होते की."

एक आणखी, सगळं टिपायच्या नादात मान वर करायची राहून जाते, त्यामुळे मध्ये मध्ये पेन ठेवून नुसतं बघा.

लेखनाच्या तासात इतर विषयांपेक्षा वेगळं काय बघायचं?

पहिली गोष्ट म्हणजे मुलं प्रत्यक्ष लिहितात किती वेळ. हे मिनिटांत मोजा. लेखनाचा तास असून मुलांनी लिहिलं फक्त फळ्यावरचं उतरवून घेताना, असं खूपदा होतं, आणि नवीन शिक्षकाला ते आतून कळत नाही कारण तो स्वतः त्या वेळात सतत काम करत असतो. नेड फ्लँडर्स यांनी वर्गातल्या बोलण्याचा बराच अभ्यास करून एक ठोकताळा मांडला होता की तासाचा साधारण दोन-तृतीयांश वेळ कुणीतरी बोलत असतं आणि त्यातला दोन-तृतीयांश वेळ शिक्षकच बोलत असतात. लेखनाच्या तासाला हा ठोकताळा लागू पडत असेल तर लिहायला वेळ उरणार कुठून.

दुसरी, नमुना उतारा दाखवला की चर्चा कशावर होते. एखाद्या विद्यार्थ्याचा परिच्छेद स्क्रीनवर टाकला आणि दहा मिनिटं फक्त शुद्धलेखन आणि विरामचिन्हं यावर गेली तर मुलांनी काय शिकलं? की लेखन सुधारणं म्हणजे चुका पुसणं. मुद्दा काय आहे, तो कुठे पहिल्यांदा कळतो, हे वाक्य इथे का आलं, वाचणाऱ्याला कुठे अडखळायला झालं, असे प्रश्न आले का ते टिपा. आणि नमुना कुणाचा आहे, त्या मुलाची परवानगी घेतली होती का, हेही बघा, कारण त्याचा चेहरा तुम्हाला बाजूने दिसतो, शिक्षकाला दिसेलच असं नाही.

तिसरी, एकमेकांचं लिखाण वाचायला दिलं की काय होतं. हे मी सगळ्यात जास्त वेळ बघते. मुलं अदलाबदल करतात, वाचतात, खाली "छान आहे, अजून थोडं डिटेल हवं" लिहितात आणि फोन काढतात, सगळं मिळून चार मिनिटं. यात मुलांचा दोष नसतो, त्यांना वाचताना काय शोधायचं तेच सांगितलेलं नसतं. दुसऱ्या वर्गात तेच काम देताना शिक्षक म्हणतात, "मित्राचा मुद्दा तुमच्या शब्दांत एका वाक्यात लिहा, आणि जिथे तुम्हाला पटलं नाही त्या वाक्याखाली रेघ मारा", आणि तीच मुलं वाद घालायला लागतात, "मी असं म्हटलंच नाहीये", "मग हे वाक्य काय आहे?" हा असला संवाद ऐकलात तर शब्दशः उतरवून घ्या, नवीन शिक्षकाला द्यायला याच्यापेक्षा चांगली भेट नाही.

चौथी, पुढच्या असाइनमेंटशी धागा. आजचा तास आणि मुलं घरी जे लिहिणार आहेत त्याचा संबंध मुलांना कळलाय का? तास संपताना शेजारच्या मुलाला "आता हे कुठे वापरणार?" असं हळूच विचारायचा मोह होतो, पण त्यासाठी शिक्षकाची आधी परवानगी घ्या.

शिक्षक प्रश्न विचारतात, वर्ग गप्प, मग स्वतःच उत्तर देतात. यावर काय सांगायचं?

सेकंद मोजा आणि आकडा सांगा. मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात दाखवलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदाच्या आसपासच थांबतात, आणि तीन सेकंद किंवा जास्त थांबले तर मुलांची उत्तरं लांबतात, न विचारता बोलणारी मुलं वाढतात आणि गप्प राहणं कमी होतं. त्यांचं काम विज्ञानाच्या वर्गांमधलं होतं, पण लेखनाच्या वर्गात तर याची जास्तच गरज असते, कारण "हा परिच्छेद तुम्हाला पटला का आणि का" या प्रश्नाला एका सेकंदात प्रामाणिक उत्तर देणं मोठ्यांनाही जमणार नाही. मुलांना आधी दोन ओळी लिहू द्या आणि मग विचारा, हा उपाय साधा आहे आणि बहुतेक वेळा लागू पडतो. आणि "समजलं का?" हा प्रश्न नोट्समध्ये वेगळा मोजा, त्याला "हो" याशिवाय उत्तर येत नाही, त्यामुळे तो प्रश्न धरूच नये.

तयार फॉर्म किंवा चेकलिस्ट वापरू का?

सोबत असू द्या, पण त्याच्या आधारे बोलू नका. फॉर्मचे प्रकार खूप आहेत, फ्लँडर्स यांच्या पद्धतीत दर तीन सेकंदांनी दहापैकी एका प्रकारात नोंद करायची असते, २०१३ मध्ये आलेल्या कोपस नावाच्या पद्धतीत दर दोन मिनिटांनी शिक्षक आणि विद्यार्थी काय करतायत त्यावर खूण करायची असते. कोपस मुळात विज्ञान आणि गणिताच्या कॉलेज-वर्गांसाठी बनलं, पण त्यातली एक गोष्ट मला फार आवडते, त्यात चांगलं-वाईट ठरवायचं नसतं, फक्त काय चाललंय ते नोंदवायचं. ते उचला. एक ते पाच गुण देणाऱ्या रकान्यांपासून मात्र लांब राहा, "विषयाची मांडणी: ४" यातून नवीन शिक्षकाने उद्या सकाळी काय वेगळं करायचं?

मी लेखन शिकवत नाही, माझा विषय वेगळा आहे. मी फीडबॅक देऊ शकतो का?

देऊ शकता, आणि काही बाबतीत तुमचा फायदाच आहे. सूचना कळल्या का, काम करायला वेळ पुरला का, मागच्या रांगेपर्यंत तास पोचला का, हे बघायला विषय यावा लागत नाही. असाइनमेंटचा कागद तुम्हाला वाचून कळला नाही तर मुलांनाही अवघड जाणार. फक्त विषयाच्या पद्धतीवर मत देऊ नका. लेखनाच्या वर्गात मुलं अर्धं-कच्चं लिहून मोठ्याने वाचतात, व्याकरण मुद्दाम पुढच्या मसुद्यापर्यंत बाजूला ठेवतात, बाहेरच्याला ते ढिसाळ वाटतं. असं काही दिसलं तर उजव्या रकान्यात प्रश्न म्हणून लिहा आणि विचारा.

तास संपल्या संपल्या बोलायचं की नंतर?

दारातून बाहेर पडताना एक खरं वाक्य बोला, "तिसऱ्या रांगेतल्या मुलीचं उत्तर मला फार आवडलं, त्यावर आपण बोलू", आणि निघा. नुसतं "छान झालं" म्हणू नका, आणि काहीच न बोलता तर अजिबात जाऊ नका, बिचाऱ्यांचा जीव टांगणीला लागतो. खरं बोलणं त्याच दिवशी उशिरा किंवा दुसऱ्या दिवशी, दार बंद करता येईल अशा खोलीत. आठवडा गेला की दोघांच्याही डोक्यात तास पुसट झालेला असतो आणि मग गप्पा सर्वसाधारण होतात. स्टाफरूममध्ये चारचौघांत तर नकोच.

बोलण्याची सुरुवात कशी करू?

त्यांना आधी बोलू द्या. पण "कसा वाटला तास?" असं विचारलंत तर नवीन माणूस एकतर स्वतःला झोडपायला लागतो नाहीतर वेळ मारून नेतो. प्रश्न बारीक करा: "तासात कुठल्या क्षणी तुम्हाला वाटलं की आता मुलांना पोचलं?" "प्लॅन सोडून तुम्ही कुठे वेगळं केलंत आणि का?" दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नेहमी ऐकण्यासारखं असतं, कारण नवीन शिक्षक वर्गात क्षणाक्षणाला निर्णय घेत असतात आणि ते कुणी विचारतच नाही. मग नोट्सचा डावा रकाना दोघांच्या मध्ये ठेवा आणि एकत्र वाचा. त्यांची एक प्रत त्यांना द्या, लपवण्यासारखं त्यात काही नसायलाच हवं.

आधी कौतुक, मग टीका, मग परत कौतुक, ही पद्धत चांगली का?

माझ्या मते नाही. दोन वेळा अनुभव घेतला की समोरच्याला कळतं की कौतुक आलं म्हणजे मागून काहीतरी येतंय, आणि मग खरं कौतुकही वाया जातं. कौतुक करायचं तर तेही पुराव्यानिशी करा. "तुमचं मुलांशी नातं छान आहे" यापेक्षा "१०:४० ला त्या मुलाने चुकीचं उत्तर दिल्यावर तुम्ही त्याला 'हे कुठल्या वाक्यावरून वाटलं' असं विचारलंत आणि त्याने स्वतःच दुरुस्त केलं" हे ऐकलेलं माणूस विसरत नाही, आणि मुख्य म्हणजे पुढच्या तासाला ते मुद्दाम परत करतो. नवीन शिक्षकाला आपलं काय जमतंय हे खरंच माहीत नसतं. चांगलं जे झालं ते योगायोगाने झालं असंच त्यांना वाटतं.

किती गोष्टी सुधारायला सांगायच्या?

एक. फार तर दोन. तुमच्या वहीत पंधरा असतील, त्या वहीतच राहू द्या. अव्रहम क्लूगर आणि अँजेलो डेनिसी यांनी १९९६ मध्ये फीडबॅकवरचे खूप अभ्यास एकत्र करून तपासले, सहाशेच्या वर निष्कर्ष होते, तर सरासरीने फीडबॅकचा फायदा दिसला पण एक-तृतीयांशपेक्षा जास्त वेळा कामगिरी उलट खाली गेली. त्यांचं म्हणणं असं की फीडबॅकमुळे लक्ष कामावरून उठून "मी कसा आहे" याकडे वळलं की त्याचा उपयोग कमी होतो. तुम्ही त्रुटींचा पाढा वाचलात तर नेमकं हेच होतं, चौथ्या मुद्द्यानंतर समोरचा ऐकत नसतो, आपण या कामाला लायक आहोत का याचा विचार करत असतो.

कुठली एक निवडायची? जी पुढच्या आठवड्यात करून बघता येईल आणि जिच्यामुळे मुलांच्या लिहिण्यात फरक पडेल. लिहिण्याच्या पाच मिनिटांत अजिबात बोलायचं नाही, उलट स्वतः पण बसून लिहायचं, ही चांगली सूचना आहे. "वर्ग जास्त इंटरॅक्टिव्ह करा" याला सूचना म्हणता येत नाही.

आवाज, लकबी, उच्चार, कपडे याबद्दल बोलू का?

मागे ऐकू येत नसेल तर सांगा. फळ्याकडे तोंड करून बोलत असतील तर सांगा. बाकी सगळं सोडून द्या. उच्चार आणि राहणी याचा शिकवण्याशी संबंध जोडायची आपल्याला घाई असते आणि त्यात आपले पूर्वग्रहच जास्त असतात. एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्येच दाखवलं होतं की माणसाची एखादी गोष्ट आवडली की आपण त्याच्या बाकीच्या, काही संबंध नसलेल्या गुणांनाही वरचे मार्क देतो, आणि नावडली की उलट. रुबाबदार, मोठ्या आवाजात बोलणाऱ्या शिक्षकाचा तास बघताना तर डावा रकाना दुप्पट काटेकोर ठेवा.

तास खरोखरच वाईट गेला तर?

मग तो वाईट गेला हे त्यांना तुमच्याआधी माहीत असतं. खोटं सांत्वन करू नका, आणि धारेवरही धरू नका. "आज तासाच्या मध्यापासून बहुतेक मुलं लिहीत नव्हती, मला ते असं दिसलं" इतकं सरळ सांगा आणि लगेच कारणांकडे या. नवीन शिक्षकांच्या बाबतीत कारण बहुतेकदा तयारीचा अभाव हे नसतंच, तयारी जास्त झालेली असते, चाळीस स्लाइड्स आणि तीन ॲक्टिव्हिटी एका तासात कोंबलेल्या. अशा वेळी त्यांच्यासोबत बसून पुढच्या तासाचा प्लॅन हातात घ्या आणि अर्धा कापा, काय कापायचं ते त्यांना ठरवू द्या. ही अर्ध्या तासाची मदत कुठल्याही लेखी रिपोर्टपेक्षा जास्त उपयोगी पडते.

एक अपवाद आहे. मुलांचा अपमान, कुणाच्या पार्श्वभूमीवरून शेरेबाजी, असलं काही दिसलं तर ते "सुधारणेचा मुद्दा" म्हणून गुळमुळीत मांडू नका. त्याच दिवशी बोला, आणि कॉलेजची जी प्रक्रिया असेल ती पाळा.

फीडबॅक ऐकून ते चिडले किंवा डोळ्यात पाणी आलं तर?

गप्प बसा, वेळ द्या. "आपण उद्या बोलू या का?" असं विचारा आणि खरंच उद्या बोला. स्वतःची बाजू मांडायला लागले तर अडवू नका, त्यात बरीच खरी माहिती असते, म्हणजे त्या वर्गाला आधीच्या तासाला परीक्षा होती, प्रोजेक्टर ऐनवेळी बंद पडला, ही तुकडी पहिल्यापासून गप्प आहे. लिहून घ्या. आणि तुमच्या नोंदीत चूक निघाली तर तिथल्या तिथे खोडा.

मुलांचं मत घ्यायचं का?

सेमिस्टर संपायची वाट न बघता मध्येच घ्या, म्हणजे त्याच मुलांना फायदा होतो. एक चांगली पद्धत आहे, शिक्षक वर्गाबाहेर जातात, तुम्ही मुलांना छोट्या ग्रुपमध्ये बसवून विचारता की या वर्गात शिकायला कशाची मदत होते, कशाने अडतं आणि काय बदलता येईल, मग सगळ्या वर्गाचं ज्यावर एकमत होतं तेवढंच शिक्षकाला सांगता. वॉशिंग्टन विद्यापीठात जोसेफ क्लार्क यांनी ही पद्धत सुरू केली आणि नंतर ती खूप ठिकाणी पसरली. यात एकट्यादुकट्याचा राग गळून पडतो.

पण मुलांचं मत म्हणजे मुलांचं शिकणं असं धरू नका. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्राच्या वर्गांवर २०१९ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात, ज्या मुलांना स्वतः करून शिकायला लावलं त्यांना आपण कमी शिकलो असं वाटलं, आणि चाचणीत मात्र तीच मुलं पुढे होती. लेखनात तर मेहनत लागतेच. दर तासाला लिहायला लावणाऱ्या नवीन शिक्षकाबद्दल सुरुवातीला कुरकुर आली तर घाबरून जाऊ नका, आणि त्यांनाही हे समजावून सांगा, नाहीतर ते लिहून घेणं बंद करून लेक्चर द्यायला लागतील. शिवाय बाई शिक्षिकांना मुलं वेगळ्या मापाने मोजतात असं दाखवणारे अभ्यास आहेत, ते लक्षात ठेवूनच आकडे वाचा.

तपासलेले पेपर पण बघायचे का?

नक्की बघा. लेखन शिकवणाऱ्याचं निम्मं शिकवणं समासात होत असतं. त्यांच्याकडून थोडे तपासलेले पेपर मागून घ्या, चांगला, मधला, कच्चा असे, नावं झाकून. नॅन्सी सॉमर्स यांनी १९८२ मध्ये ३५ शिक्षकांच्या समासातल्या शेऱ्यांबद्दल लिहिलं होतं, त्यात दिसलं की बरेच शेरे इतके सरधोपट असतात की एका पेपरवरून उचलून दुसऱ्यावर चिकटवले तरी चालतील, आणि एकाच परिच्छेदात "हे वाक्य दुरुस्त कर" आणि "हा परिच्छेद वाढव" अशा उलटसुलट सूचना असतात, म्हणजे मुलाने वाक्य घासायचं की सगळं नव्याने मांडायचं? आजही पेपर उघडले की हेच दिसतं. नवीन शिक्षक तर प्रत्येक चूक खुणावतात, रात्री जागतात, आणि मुलगा फक्त मार्क बघून कागद घडी घालतो. त्यांना सांगा की पहिल्या मसुद्यावर एकच मोठा प्रश्न विचारा. त्यांचाही वेळ वाचेल.

आम्ही दोघंही साधारण एकाच वयाचे, एकाच पदावरचे. अवघड वाटतं.

मग दोन्ही बाजूंनी करा, त्यांनी तुमचा तास बघायचा आणि तुम्ही त्यांचा, आणि त्यांना आधी बघू द्या.

ऑनलाइन तास असेल तर?

चॅट सेव्ह करून घ्या, कोण बोललं आणि कोण नाही ते तिथे स्पष्ट दिसतं. छोट्या खोल्यांमध्ये पाठवल्यावर तुम्ही एकाच खोलीत शेवटपर्यंत राहा, उड्या मारू नका. बाकी सगळं तेच.

लेखी काय द्यायचं?

एक पान. वर तारीख, वर्ग, तासाचा उद्देश त्यांच्या शब्दांत. मग काय दिसलं त्यातले तीनचार प्रसंग, मग जे चाललंय आणि चालू ठेवावं असं एक, मग करून बघायचं ठरलेलं एक. बोलताना जे सांगितलं नाही ते कागदावर पहिल्यांदा आणू नका, यासारखा विश्वास उडवणारा प्रकार नाही. फायनल करायच्या आधी त्यांना वाचायला द्या आणि त्यांची टिप्पणी खाली जोडायची सोय ठेवा.

एकदा बघितलं की झालं का?

नाही झालं. एका तासावरून शिक्षक कळत नाही, वर्ग, वेळ, विषय बदलला की चित्र बदलतं, आणि दुसऱ्या कुणी बघितलं तर त्याला वेगळंच दिसतं, म्हणून जमलं तर दोन वेगळ्या माणसांनी बघावं. दुसरी भेट तीनचार आठवड्यांनी ठेवा आणि त्या वेळी फक्त ठरलेली एकच गोष्ट बघा. लिहिण्याच्या वेळात न बोलायचं ठरलं होतं ना, मग त्या पाच मिनिटांत वर्गात काय झालं तेवढं टिपा, कोण किती ओळी पुढे गेलं, कोण अडकलं, मॅडम काय करत होत्या, आणि त्या स्वतः लिहीत बसल्या असतील तर त्यांनी काय लिहिलं ते तास संपल्यावर विचारा.